द्वारकाबाईंचा 'का?'

मंडळी, जरा पुढे सरका! खांबाला टेकलेले आधी पुढे या. तिकडे डोळा लवकर लागतो आणि मग घोरण्याचा ताल आमच्या मृदंगवाल्यांना सांभाळावा लागतो!

आज एकच विचारायचं आहे. समजा, तोंडानं अगदी बिनचूक म्हटलं. काना नाही चुकला, मात्रा नाही चुकली. पण त्याचा अर्थ विचाराल तर — ठाऊक नाही! असं म्हटलेलं पोचतं का हो? ज्याच्यासाठी म्हटलं, त्याच्यापर्यंत जातं का? थांबा, इतक्यात माना हलवू नका. आधी ऐका.

वणी गावात यादवराव देवतळे नावाचे गृहस्थ. कोर्टात टायपिस्ट — एकतीस वर्षं! साक्षीदार बोलायचा, साहेब सांगायचे आणि यादवरावांची बोटं चालायची. खुनाचा खटला असो की बांधाचं भांडण, बोटांचा वेग तोच. एकदा साहेबांनी विचारलं, "देवतळे, आत्ता या बाईनं काय सांगितलं?" यादवराव म्हणाले, "वाचून सांगतो, साहेब!" अहो, स्वतःच टाइप केलेलं! कानातून बोटात, बोटातून कागदावर. डोक्यात मुक्कामच नाही. त्यात त्यांची चूक नव्हती. नोकरीच तशी होती.

घरी पत्नी, द्वारकाबाई. पाचव्या वर्षी गोवर निघाला आणि दोन्ही डोळे गेले. शाळा नाही, अक्षरओळख नाही. पण बेचाळीस वर्षं संसार असा केला की डाळीचा डबा कुठला आणि साखरेचा कुठला, हे यादवराव त्यांनाच विचारायचे. नवऱ्याचं तोंड त्यांनी कधी पाहिलं नाही. त्यांच्या लेखी यादवराव म्हणजे एक आवाज. बसका, थोडा नाकातला, शब्दाच्या शेवटी किंचित ओढ घेणारा.

आणि नेमका आवाजच गेला!

घशाचा कॅन्सर निघाला. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. माणूस वाचेल, बोलणं जाईल. निघायच्या दिवशी द्वारकाबाई पिशवी भरून, चपला घालून ओट्यावर उभ्या. यादवराव म्हणाले, "तू येऊ नकोस." एवढंच! मेहुण्याबरोबर रिक्षात बसले आणि गेले. महिन्यानं परत आले ते मुके होऊन. आता बघा मंडळी, या बाईच्या कानात नवऱ्याचं शेवटचं वाक्य कोणतं राहिलं? — "तू येऊ नकोस."

दोघांनी एक रीत काढली. द्वारकाबाईंनी विचारायचं आणि यादवरावांनी त्यांच्या तळहातावर बोट टेकवायचं. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. "चहा टाकू?" — एकदा. "दुखतं का?" — दोनदा. खोटं असायचं, पण दोनदा! चाललं होतं. आणि एका दुपारी त्यांनी विचारलं, "मला का नाही नेलं हो?"

आता द्या उत्तर! 'का'ला हो म्हणणार की नाही म्हणणार? यादवरावांचं बोट तिच्या तळहातावर तसंच राहिलं. द्वारकाबाई वाट बघत बसल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवसापासून विचारणं बंद झालं.

तुम्ही म्हणाल, बुवा, पाटीवर लिहायचं आणि शेजाऱ्याकडून वाचून घ्यायचं! वा! अहो, काही गोष्टी बायकोला शेजाऱ्याच्या तोंडून सांगायच्या असतात का? ते बघा, पेटीवाले हसले. त्यांना पटलं!

मागच्या गल्लीत रेहाना मॅडम राहायच्या. कॉलेजात संगणकाच्या प्रयोगशाळेत होत्या. कॉलेजनं मोडीत काढलेला एक संगणक त्यांनी साफसूफ करून यादवरावांकडे आणला. त्यावर लिनक्स ही संगणक चालवणारी प्रणाली घातली आणि कळपट्टीला टाइपरायटरची मराठी जुळणी करून दिली. म्हणाल्या, "काका, हे कुणा एकाच्या मालकीचं नाही. जगभरच्या माणसांनी मिळून केलं आणि सगळ्यांसाठी मोकळं ठेवलं. आपण टाइप केलेलं मराठी मोठ्यानं बोलून दाखवणारा प्रोग्रामही यात मिळतो."

यादवरावांनी पाटीवर लिहिलं, 'आत्ता?'

"आत्ता इंटरनेट नाही ना! तुमची लाइन परवा येतेय आणि मी उद्या अमरावतीला जातेय, लेकीच्या बाळंतपणाला. पण सोपं आहे. हे प्रोग्रामांचं भांडार उघडायचं, नाव शोधायचं, 'बसवा' म्हणायचं. फक्त बाहेरचं काही आणू नका, काका. आणि पडद्यावर काय येतं ते वाचत जा."

परवा लाइन आली. आणि लाइनच्या पाठोपाठ कोण आलं? — सुधाकर ठमके! शेजारी, किराणा दुकानदार. मनानं चांगला, पण ठाऊक नाही असा विषयच नाही. असा एक माणूस प्रत्येक गल्लीत असतो. इकडेतिकडे बघू नका!

ठमक्यांच्या हातात इंटरनेटवरून छापून आणलेले दोन कागद. "देवतळेसाहेब, भांडारातला आवाज म्हणजे पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा! हा बघा, नवा. डिट्टो माणसासारखा! या बारा ओळी संगणकाला हुकूम द्यायच्या काळ्या खिडकीत टाइप करायच्या, खलास!"

माणसासारखा आवाज! यादवराव तिथेच विरघळले. द्वारकेला डब्यातले खडे कशाला ऐकवायचे? कागद समोर ठेवला आणि बोटं चालू! काळी खिडकी उघडली. पहिली ओळ. खिडकीनं पासवर्ड मागितला. यादवराव टाइप करतात, पण पडद्यावर काहीच उमटत नाही! टिंब नाही, चांदणी नाही. ठमके म्हणाले, "जोरात दाबा!" जोरात दाबलं. "कळपट्टी उलटी करून झटका!" झटकली. त्यातून बेसनाचा लाडू पडला, अर्धा! आता लिनक्सची रीतच अशी, की पासवर्ड लिहिताना तो दिसत नाही. दिसत नसला तरी आत पोचत असतो. पाचव्यांदा नुसतं लिहून एंटर दाबलं आणि गाडी पुढे गेली.

बारा ओळी टाइप झाल्या, अक्षर न अक्षर. आणि पडदाभर इंग्रजी! शेवटी प्रोग्राम बसला नाही तो नाहीच. यादवरावांनी पुन्हा बारा ओळी लिहिल्या. तिसऱ्यांदा लिहिल्या. मग रेहाना मॅडमचं भांडार उघडलं, तर तेही म्हणायला लागलं, नाही देत! ठमक्यांना एकदम आठवलं, की दुकानात गिऱ्हाईक थांबलंय.

यादवरावांनी मॅडमना मेल लिहिला. काय लिहिलं? पडद्यावरचं इंग्रजी जसंच्या तसं, चाळीस ओळी, एक टिंब गाळलं नाही! खाली लिहिलं, 'तिन्ही वेळा बिनचूक टाइप केले आहे.'

संध्याकाळी उत्तर आलं. 'काका, नातू झाला. तुमच्या चाळीस ओळींतल्या शेवटच्या चारच ओळी कामाच्या आहेत. त्या काय म्हणतात ते तुमच्या मराठीत मला लिहा. चुकलं तरी चालेल.'

राग आला हो! एकतीस वर्षांत त्यांना कुणी अर्थ विचारला नव्हता. त्यांनी संगणकावर टॉवेल टाकला आणि दोन दिवस हात लावला नाही.

तिसऱ्या दिवशी द्वारकाबाई पलंगावर बसून वाटाणे सोलत होत्या. सोलता सोलता पुटपुटल्या, "आंधळं माणूस बरोबर म्हणजे ओझंच." कुणाला उद्देशून नाही. आपल्याशीच. पण यादवरावांचे कान शाबूत होते! ते ताडकन उठले, तिचा हात धरला आणि तळहातावर दोनदा बोट टेकवलं. पुन्हा दोनदा. पुन्हा दोनदा. द्वारकाबाई म्हणाल्या, "बरं, बरं," आणि हात सोडवून घेतला. ज्या 'बरं'चा अर्थ पटलं असा होत नाही, त्यातलं ते 'बरं' होतं.

यादवरावांनी टॉवेल काढला. इंग्रजी-मराठी शब्दकोश घेतला आणि पहिल्यांदा, मंडळी, आयुष्यात पहिल्यांदा, समोरचा मजकूर उतरवून न घेता वाचायला बसले. एकेक शब्द. एका शब्दाला शब्दकोशात सात अर्थ, त्यातला इथला कुठला? आधीचं वाक्य बघायचं, पुढचं बघायचं. सकाळी बसले ते जेवायची वेळ झाली. चार ओळी अशा निघाल्या —

'तुम्ही मागितलेली वस्तू दुसऱ्या एका वस्तूवर अवलंबून आहे. ती वस्तू मला सापडत नाही. तुमच्या यादीत एक पत्ता नवा जोडलेला आहे. त्या पत्त्यावर तुमच्या आवृत्तीसाठी काहीही ठेवलेलं नाही.'

यादवराव बघतच राहिले. म्हणजे हे यंत्र तीन दिवस ओरडून सांगत होतं — पत्ता चुकीचा आहे, पत्ता चुकीचा आहे! आणि हा पत्ता कुणी घातला? बारा ओळींतली तिसरी ओळ! स्वतःच्या बोटांनी, तीनदा, बिनचूक! कागदावरच्या बारा ओळी भलत्याच, जुन्या आवृत्तीसाठी होत्या.

मेल पाठवायच्या आधीच उत्तर कळलं होतं. त्यांनी भांडाराची यादी उघडली. तळाशी तो परका पत्ता होता. काढून टाकला. यादी ताजी करायला सांगितली, पासवर्ड शांतपणे लिहिला. मग भांडारात नाव शोधलं आणि 'बसवा' म्हटलं. दोन मिनिटं लागली. हो, दोनच!

त्यांनी एक वाक्य टाइप केलं आणि कळ दाबली.

"द्वारका, मी बोलतोय."

स्वयंपाकघरात पातेलं पडलं. "कोण आहे? कोण शिरलंय घरात?" आवाज ठमके म्हणाले तसाच होता — पत्र्याचा, भरभर बोलणारा. यादवराव धावले, तिला हात धरून आणलं, खुर्चीवर बसवलं. तिचा एक हात आपल्या हातावर ठेवला, म्हणजे बोटं चालतात ते तिला कळावं. आणि लिहायला लागले. या वेळी बोटं सावकाश चालत होती.

यंत्र बोललं, "तू ओझं नव्हतीस. मी घाबरलो होतो. तिथं तू असतीस तर माझा शेवटचा आवाज रडका ऐकला असतास. तो तुला ठेवायचा नव्हता. म्हणून येऊ नकोस म्हणालो."

द्वारकाबाईंचा हात त्यांच्या हातावरच राहिला. यादवरावांना वाटलं, समजलं नसेल. पुन्हा कळ दाबायला गेले, तर द्वारकाबाईंनी बोट धरलं.

"कळलं," त्या म्हणाल्या. "रडका चालला असता मला. रागावलेला ठेवून गेलात, तो दोन महिने ऐकतेय." मग डोळे पदरानं पुसले आणि म्हणाल्या, "आणि याला सांगा, जरा हळू बोल. माझे डोळे गेलेत, कान पळत नाहीत!"

यादवरावांनी वेग कमी केला. तो कसा करायचा तेही पडद्यावर लिहिलेलं होतं.

झालं! एवढीच कथा. ज्या कुणी दूरच्या माणसानं त्या यंत्राला मराठी बोलायला शिकवलं, त्याला वणी ठाऊक नाही, द्वारकाबाई ठाऊक नाहीत. त्यानं समजून काम केलं आणि मोकळं ठेवून दिलं. घेणाऱ्यानं समजून घेतलं, तेव्हा ते या घरात पोचलं.

आता तुमच्याकडे वळतो. सुटका नाही! काकू, तुम्ही रोज आरती म्हणता ना? अगदी तोंडपाठ, टाळ्यांसकट! दुसऱ्या कडव्यात काय मागता देवाकडे? … बघा, गप्प झाल्या. काका तुम्ही? तुम्ही तर छताकडेच बघायला लागलात! अहो, देव काय करेल बिचारा? तुम्ही काय मागितलं हे तुम्हालाच ठाऊक नाही, मग देणार काय?

म्हणून आज घरी जाल तेव्हा शंभर ओळी म्हणू नका. एकच ओळ घ्या. तिचा अर्थ लावा. अडला तर विचारा, विचारायची लाज धरू नका. आणि घरातल्या कुणाला तरी ती आपल्या साध्या शब्दांत सांगा. तेवढी एक ओळ जाईल, मंडळी, जिथे जायची तिथे.

कळलं त्यांनीच टाळी वाजवा. बाकीच्यांनी हात जोडून बसा — आणि शेजारच्याला विचारा, बुवा काय म्हणाले!