लोरेचा ताप

नाही, बोलायचं नाही, उल्रिके — जिभेखाली नीट धर, ओठ मीट, आणि चार मिनिटं मावशीचं ऐक. तुझा तो कानात घालून टुक करणारा ठेव घरीच, माझा काचेचा थर्मामीटरच खरा, चाळीस वर्षं नर्सगिरी केली ती ह्याच्यावर. आणि मान हलवू नकोस, घसरतो. आलीस ते बरं केलंस — म्हणजे, बरं कसलं, आधी हॉस्पिटलला फोन करायला हवा होतास. किमो होऊन नऊच दिवस झालेत, ते लाल काठाचं कार्ड दिलंय ना त्यांनी, ताप अडतीसच्या वर गेला की लगेच फोन, वाट बघायची नाही — दिलंय, माहीत आहे मला, सगळ्यांनाच देतात. पण तू आलीस माझ्याकडे. का आलीस तेही कळतं. हॉस्पिटलवर तुझा विश्वास नाही. तुझ्या आईला त्यांनी मारलं असं तू चौदा वर्षांची असल्यापासून धरून बसलीयेस. आणि तुला तसं सांगितलं कुणी? — मीच सांगितलं, दुसरं कोण सांगणार.

शर्ट वर कर जरा, माझ्यापुढे कसली लाज. हं. काल टोचलंस ना, सफरचंदाच्या झाडावरच्या बांडगुळाचं इंजेक्शन? लाली आलीये छान, पाच सेंटीमीटर तरी. आमच्या दवाखान्याचे डॉक्टर हेगेले असते तर पट्टी काढून बसले असते मोजत. आणि बायका काय कमी होत्या? सोमवारी दवाखान्यात आल्या की बाकावर बसून एकमेकींना पोटं दाखवायच्या, माझी एवढी, तुझी केवढी — मुरंब्याच्या बरण्या दाखवाव्यात तशा. लाली म्हणजे शरीर जागं झालं. आणि ताप आला तर मग काय, सोन्याहून पिवळं. आमच्यात ताप कुणी उतरवतच नसे, पोराला गोवर आला तरी नाही — लिंबाच्या पाण्यात बुडवलेली फडकी पोटऱ्यांना गुंडाळायची, लिंडनच्या फुलांचा चहा पाजायचा आणि थांबायचं. घरोघर जाऊन मीच सांगायचे हे. बांडगुळाला नावं ठेवत नाहीये मी, तसलं काही डोक्यात घेऊ नकोस. ते टोचायला लागल्यापासून तुझ्या आईला जेवण जात होतं, झोप लागत होती, किमोचे दिवस तिनं त्याच्या आधारानं काढले. गाठ विरघळेल असं मी तिला कधीच म्हटलं नाही. — म्हटलं असेन एकदोनदा. बहिणीला म्हणतं माणूस.

तुझ्या चर्चमधल्या दीक्षाविधीचा आदला दिवस तो, शनिवार, तुला आठवत असेल. अकरा केक केले होते आम्ही. तू आणि तुझे बाबा ज्यांनी भेटी पाठवल्या त्यांच्या घरी एकेक तुकडा पोचवत गावभर फिरत होतात, आणि तुझी आई, लोरे, स्वयंपाकघरात माझ्यासमोर बसलेली, निळी टोपी मांडीवर, तिची रिबन शिवत — केस गेले होते ना, चर्चमध्ये घालायला ती टोपी मुद्दाम आणली होती. गाल लालबुंद. मी म्हटलं, लोरे, लाव बघू थर्मामीटर. लावला. सदतीस आठ होता. म्हणजे अडतीसला टेकलाच नव्हता, मग फोन कसला करायचा? हेच मी तुझ्या बाबांना सांगितलं, पाद्रीबाईंना सांगितलं, हॉस्पिटलातल्या त्या तरुण डॉक्टरला तोंडावर सांगितलं — शनिवारी काहीच नव्हतं, तुम्ही सोमवारी उशीर केलात, दोन तास व्हरांड्यात ठेवलंत तिला. तो पोरगा पांढराफटक पडला. रडला असेल नंतर. दोन तास नव्हते ते, वीस मिनिटं असतील.

अजून दीड मिनिट आहे. धर नीट. डोळ्यांत पाणी कशाला आणतेस, त्यानं आकडा बदलत नाही.

तिनं विचारलं, किती आहे गं? मी खिडकीपाशी उभी होते. मागं वळून बघितलं तर ती सुई हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत होती, उल्रिके, आणि म्हणाली, "गेर्लिंडे, आज मला हॉस्पिटलात ठेवून घेतलं तर उद्या मी तिला बघू शकणार नाही." एवढंच म्हणाली. मी तो झटकला. वाचला आणि झटकला, पारा खाली. सदतीस आठ, म्हटलं, बांडगूळ काम करतंय. ती हसली. आणि मला तरी कुठं वाटत होतं की मी खोटं बोलतेय? फारसं नाही वाटलं. ताप चांगला असतो हे वीस वर्षं सांगत आले होते मी, लोकांच्या बहिणींना सांगायचं आणि आपल्या बहिणीच्या वेळी शेपूट घालायची का? किमोत रक्तात लढायला काहीच उरलेलं नसतं, तिथला ताप वेगळा, हे मला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू — तिचंही तसलंच कार्ड फ्रिजवर चिकटवलेलं होतं, मीच चिकटवलं होतं. मी तिच्या पोटऱ्यांना लिंबाची फडकी बांधली. रविवारी ती पहिल्या बाकावर ताठ बसली, सगळे म्हणाले लोरे काय सुंदर दिसतेय. दुपारी जेवताना दात वाजायला लागले. मी म्हटलं, दमलीये, पडू दे तिला. सोमवारी सकाळी ती मला ओळखेना तेव्हा गाडी बोलावली. मंगळवारी गेली.

अडतीस सहा होता.

हो. शनिवारी. नीट ऐकलंस तू. तुझ्या बाबांनाही माहीत नव्हतं, जाईपर्यंत. तेही हॉस्पिटललाच शिव्या देत गेले. मला वाटलं होतं हे माझ्याबरोबरच जाईल, कुणाचं काय बिघडतंय, त्या डॉक्टरला काय, तो विसरला असेल. आणि आज तू दारात उभी, गाल तसेच लाल, हॉस्पिटल सोडून माझ्याकडे. का, तर मावशी सांगेल ताप चांगला आहे म्हणून. तू लहान असतीस तर एक वेळ सांगितलंही असतं. खोटं बोलतेय, नसतंच सांगितलं. माहीत नाही.

दे इकडे. काढ. थांब, उजेडात बघू दे. अडतीस चार.

नाही, परत लावायचं नाही. लिंबूबिंबू काही नाही. फोन तुझ्या पिशवीत आहे, कार्डावरचा नंबर लाव, किमो कधी झाली ते सांग, आकडा सांग, आणि बांडगूळ टोचतेस तेही सांग, लपवू नकोस, ओरडणार नाहीत. शेजारच्या बाउएरना हाक मारते, ते सोडतील तुला. मी येत नाही. वाटेत तुझ्याशेजारी बसून काय बोलू मी? असं बघू नकोस माझ्याकडे — बघ, बघायचं तेवढं बघ, पण उभी राहून बघ. कोट घाल. तुला जे काही बोलायचंय मला ते बरी होऊन ये आणि बोल, दार उघडेन मी. नाहीच आलीस तरी समजेन. आता ऊठ, उल्रिके. जा.