काचेवरची टिचकी

चोपन्न सालच्या एका दुपारी शारदाबाई दिनकरसाठी मुलगी बघायला खिदिरपूरच्या ट्राममधून निघाल्या होत्या. शेजारी मांडीवर मातीचं मडकं घेतलेली एक मुलगी बसली होती आणि दांडी धरून तिचे वडील उभे होते. कलकत्त्यात मराठी कानावर पडलं तरी शारदाबाईंनी मान वळवली नाही, कान मात्र दिला.

"मडकं कशाला घेतलंस?"

"तुम्ही काचेच्या टाकीतले दगड काढलेत, अण्णा. मासा लपणार कुठे?"

"अंदमानच्या बोटीवरून मागवला, समुद्राचं पाणी बरण्या भरभरून आणलं, ते त्याला लपवायला?"

"परवाच तर आलाय. नव्या जागी लपतातच ते. रुळले की आपणहून बाहेर येतात."

"पाहुणे आज चारला येणार. काचेवर टिचकी मारली की येईल."

"काल मारलीत, तर अंग चोरून कोपऱ्यात बसला. तो येणार नाही आणि मीही येणार नाही."

"मीनाक्षी! हळू बोल."

"इथे कुणाला मराठी कळतंय? पोह्यांच्या बशा तुम्हीच न्या दिनकरच्या आईपुढे."

शारदाबाई उठल्या.

"दिनकरची आई मीच. आज मी येत नाही. मुली, मडकं टाकीत ठेव. मासा बाहेर आला की कळव."

मुलीने मडकं आणखी घट्ट धरलं.

"आणि नाहीच आला तर?"

"नाही तर नाही. काच वाजवायला मी येणार नाही."