विलासचं स्थळ

मोबाईल यायच्या आधीची गोष्ट. शिवाजी पेठेतल्या आमच्या फुटबॉल टीममध्ये विलास उजव्या बाजूचा बॅक होता. पुढच्या सीझनला तो दुसऱ्या पेठेकडनं खेळणार अशी कुणकुण होती, कारण आमचे कोच आण्णा सगळ्यांत जास्त त्यालाच झापायचे. सराव बघत आम्ही त्यावरनंच वाद घालत होतो. मी म्हणालो, "आण्णांच्या तोंडापायी चांगला बॅक हातचा जातोय की."

शेजारी बसलेल्या गृहस्थांनी विचारलं, "विलास म्हंजे तो काय? आमच्या पोरीसाठी बघाय आलोय त्याला, गडहिंग्लजास्नं."

आम्ही गार पडलो. तेवढ्यात आण्णा मैदानात सुरू झाले. "रेड्या, फॉरवर्ड सोडून कुठं हिंडतोस?" अर्धा तास तेच, आणि विलासचं मान खाली घालून एकच, "व्हय आण्णा."

मोडलं लग्न, असं वाटून मी सारवासारव केली. "पावणं, आण्णा मनानं लई चांगलं हायती."

पावणं धोतर झटकत उठले. "त्यांचं मला काय करायचंय? आमची पोरगी त्यांच्यापेक्षा जास्त बोलती. हा पोरगा नांदंल."