बारा तारखेच्या दोन सीटा

— नाही हो सर, साधंच तिकीट काढलंत ना, उत्तम केलंत. अगदी शेपटाकडचं असलं तरी उत्तम. तुम्हाला बहिणीला भेटायचंय, विमानाला नाही. उघडा. अजून थोडं. हां, अस्सं. ही खालची दाढ आज पुरी करून टाकू, म्हणजे शुक्रवारी निर्धास्त बसा — अर्धवट राहिली की वर गेल्यावर ठणकते ती, आणि सोळा तास हवेत असताना कुठे शोधणार मला? तुम्ही बोलू नका. बोलायचं काम माझं. ह्या खोलीत तीस वर्षं असंच चाललंय.

तर ते मैलांचं विचारत होतात. मैल म्हणजे काय, सांगते — तुम्ही गणिताचे, तुम्हाला पटकन कळेल आणि पटकन रागही येईल. कार्डावर खर्च करायचा. खर्च केला की विमान कंपनी तुमच्या नावावर मैल जमा करते. पुरेसे साठले की पुढच्या भागात सीट, जिचा पलंग होतो ती, फुकट. फुकट म्हणायची पद्धत आहे, वरचे कर भरायचेच असतात. आमचे हे जमीन मोजणीच्या खात्यात होते. आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजल्या, निवृत्त झाले आणि आभाळ मोजायला लागले. घरात एकच विषय. थोरल्या जाऊबाईंनी नवा फ्रिज घेतला, सगळे म्हणाले वा छान, रंग छान — हे म्हणाले, कुठल्या कार्डावर घेतलात वहिनी? एका दुकानात तिप्पट मैल मिळत होते म्हणून केर ओढायची तीन यंत्रं घेऊन आले. तीन. घर आमचं दोन खोल्यांचं. एक माझ्या नणंदेला दिलं, एक इथे दवाखान्यात आणलं, तिसरं अजून खोक्यात आहे, मी त्याच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवते. आणि तुम्ही आत्ता ज्या खुर्चीत आडवे आहात ना, ती मला नकोच होती हो. जुनी धडधाकट होती. पण खुर्ची विकणारा कार्ड घेतो म्हटल्यावर ह्यांची झोप उडाली. ह्या एका खुर्चीवर आम्ही दोघं जवळजवळ समुद्रापलीकडे पोहोचलो. डोकं जरा माझ्याकडे.

एकदा तर — वर्ष संपत आलेलं, दोन फेऱ्या कमी पडत होत्या, तेवढ्यासाठी विमान कंपनीने दिलेल्या सोनेरी कार्डाचं चंदेरी होणार होतं. तर हे सकाळी डबा घेऊन निघाले. मला वाटलं वाचनालयात. विमानाने चारशे मैलांवरच्या गावी गेले, विमानतळावरच्या बाकावर बसून डबा खाल्ला आणि त्याच विमानाने परत. तीच हवाई सुंदरी दारात उभी. ती म्हणाली, काही विसरलात का? आणि हे घरी येऊन मला हसत हसत सांगतात. मी विचारलं, गाव कसं होतं? तर म्हणे, गावात कोण गेलंय!

हे जरा टोचेल. झालं.

पण एक सांगते, खोटं कशाला बोलू — तीन वर्षांपूर्वी लेक तिकडे नव्या घरात राहायला गेली, तेव्हा पहिल्यांदा गेलो त्या पलंगवाल्या सीटवर. मी आधी नाकं मुरडली. मग ती बाई आली, गादी घातली, पांघरूण दिलं, आणि मी आडवी झाले. सर, मी तीस वर्षं लोकांच्या तोंडात वाकून बघतेय. माझी कंबर म्हणजे वाकवलेली तार आहे. ती तार त्या दिवशी सरळ झाली. मी ह्यांना काही बोलले नाही, नाहीतर चढून बसले असते डोक्यावर. पण सरळ झाली.

मग गेल्या वर्षी लेकीला दिवस गेले. पहिलंच. वीस तारीख दिलेली. जावई समुद्रात तेल काढायच्या फलाटावर कामाला — पंधरा दिवस तिकडे, पंधरा दिवस घरी. म्हणजे निम्मा काळ पोर एकटी. तिने पाचव्या महिन्यातच फोनवर सांगितलं, आई, तू आधी ये, नंतर नाही आलीस तरी चालेल. मी म्हटलं येणारच. आणि हे कॉम्प्युटरपुढे बसले ते बसलेच. दोन सीटा हव्यात, एकाच विमानात, त्याही मैलांवर. एक दिसायची, दोन दिसायच्या नाहीत. मी म्हटलं, मग ती एक मला द्या, मी पुढे जाते. तर म्हणे, एक घेतली की दुसरी कधीच उघडत नाही. उघडत नाही! जशी काही ती कळी आहे. रोज सकाळी चहाच्या आधी बघायचे, उघडली का. सहावा गेला, सातवा गेला. मी म्हटलं साधी तिकिटं काढू, पैसे दवाखान्याचे घालते. तर ह्यांचं तोंड असं झालं, जसं मी त्यांच्या आईबद्दल काहीतरी बोलले. सात वर्षं साठवलेत, म्हणाले, आणि नेमकं आता साध्याने जायचं? शेवटी एका संध्याकाळी घरात नाचत आले. मिळाल्या. दोन. बारा तारखेच्या. मी म्हटलं, सरळ जाणार ना? तर आधी उलट्या दिशेला, मग वर, मग खाली — तीन विमानं, एकतीस तास. साधं विमान सोळा तासांत पोचतं. बरं, तारीख बारा, बाळाची वीस. बाळ काय ह्यांची सीट बघून येणार होतं? ते तीन तारखेला आलं.

मिटू नका तोंड. थोडंच राहिलंय.

मी इथेच होते, एका वकीलबाईंच्या दाढेत. जावयाचा फोन आला, त्याच्या मागे वारा घोंघावतोय, तो स्वतःच फलाटावर अडकलेला. लेकीला सकाळीच कळा सुरू झाल्या होत्या. तिच्या खालच्या मजल्यावर एक म्हातारे राहतात, नळजोडणीचं काम करायचे, बायको गेलेली, ही त्यांना नळवाले आजोबा म्हणते. हिने वरून जमिनीवर चप्पल आपटली, ते धावत वर आले. पाइपा भरलेल्या गाडीत घालून हॉस्पिटलात नेलं. एकोणीस तास बाहेरच्या बाकावर बसले टोपी हातात धरून. नर्सने विचारलं, तुम्ही कोण, तर म्हणाले, खालचा. एवढंच. मुलगी झाली, दोन किलोलाही कमी. काचेच्या पेटीत ठेवली. आता छान आहे हो, चांगली गुबगुबीत झालीय. मी लेकीला फोन केला, आम्ही निघतो. तर ती म्हणाली, आता घाई करून काय करणार? बाळ पेटीत आहे. ठरलंय तेव्हाच या. आणि आम्ही ऐकलं. इतक्या पटकन तिचं कधी ऐकलं नव्हतं आम्ही.

मग बारा तारीख. हे विमानात असे शिरले जसे जावई म्हणून आलेत. पावाचे चार प्रकार आले, चारांचे फोटो. राखाडी पायजमे दिले झोपायला, ते लगेच जाऊन घालून आले, सगळ्या लोकांसमोरून. एक छोटी पिशवी देतात — मोजे, डोळ्यांवरची पट्टी, बोटाएवढी टूथपेस्ट. दातांच्या डॉक्टरला टूथपेस्ट! मी आडवी झाले. आठ तास. एकदाही कूस बदलली नाही.

संध्याकाळी पोचलो. दार उघडलं त्या नळवाल्यांनी. बाळ त्याच सकाळी घरी आलेलं, त्यांच्या हातावर झोपलेलं — एवढा राकट हात, नखं कामाने काळी पडलेली, आणि त्यावर ते एवढंसं. आम्हाला बघितलं, बाळ माझ्याकडे दिलं, स्वयंपाकघरात गॅस बंद केला — पेज ठेवली होती त्यांनी — आणि जिना उतरून गेले. बसले नाहीत. लेक कॉटवर. गालाची हाडं वर आलेली. ह्यांनी विमानातल्या त्या दोन पिशव्या काढून तिच्यापुढे ठेवल्या, तुला आणल्यात. तिने त्यातले मोजे काढले, बाळाच्या पायाशी धरून पाहिले. एका मोज्यात अख्खं बाळ मावलं असतं. मग माझ्याकडे बघून म्हणाली,

“आई, झोप झाली का गं नीट?”

मी म्हटलं, हो, छान झाली. तोंडातून निघूनच गेलं. झालीच होती हो छान.

आणि हे मटकन स्टुलावर बसले. माझं चुकलं, म्हणाले. मी पलंगाच्या नादात राहिलो, तुला एकटी सोडली, माझंच चुकलं. रडले. मी त्यांना त्यांची आई गेली तेव्हाही रडताना बघितलं नव्हतं. परत आल्यावर कात्री घेतली आणि सगळी कार्डं कापली. साठलेले मैल तसेच आहेत, एकही वापरला नाही, मुदत संपून चाललेत. आता मी हा किस्सा सगळीकडे सांगते. माझ्या भाच्याच्या लग्नात सांगितला तेव्हा लोक हसून हसून खाली बसले — चप्पल, टोपी, राखाडी पायजमा, सगळं सांगते मी. आणि हे मान डोलावतात, हो, माझंच खूळ.

बोटं कसली मोजताय सर? खुर्चीच्या हातावर — मला दिसतंय. बारा ते वीस. आठ दिवस. हो. आठ दिवस आधी निघत होतो आम्ही. कुणी मोजत नाही ते, लग्नात कोण मोजतंय. मी मोजले होते. मी सीटा मिळाल्या त्या संध्याकाळी मोजले, आठ दिवस पुष्कळ झाले म्हटलं, आणि — ओठ सैल सोडा — आणि माझ्याकडे तिकीट होतं. साधं. आधीच्या महिन्याच्या पंचवीस तारखेचं. समोरच्या इमारतीतली तिकीटवाली बाई माझीच पेशंट, तिच्याकडून गुपचूप काढलं होतं, ह्यांना सांगितलं नव्हतं. लेकीला सांगितलं होतं. ती एवढी हसली फोनवर. मग हे नाचत आले, बारा तारीख, पलंग. आणि माझं ते तिकीट मधल्या सीटचं, मागे, संडासाजवळ, सोळा तास ताठ बसायचं. दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधी मी तिकीटवालीकडे गेले आणि रद्द केलं. लेकीला म्हटलं, त्या तिकिटाचं नाही गं जमलं. ती म्हणाली, बरं.

तिला डॉक्टरांनी सांगितलं होतं की आधी होऊ शकतं. दोन-तीन आठवडेसुद्धा. हे तिने फक्त मला सांगितलं होतं. बाबांना सांगू नकोस, घाबरतील. मी नाही सांगितलं. ते आठ दिवस मोजत होते ते बिचारे वीस तारीख खरी धरून. आणि तीन तारखेला फोन आला ना, तेव्हा हे चप्पल घालून उभे होते हो. म्हणाले, चल, मिळेल ते तिकीट काढू, उभ्याने जाऊ. मैल गेले खड्ड्यात, म्हणाले. ह्यांनी म्हटलं हे. मीच म्हटलं, ती नको म्हणतेय ना, कशाला उगीच. नऊ दिवस अजून. म्हटलं ना मी, कंबर. म्हणजे तेव्हा कंबर नाही म्हटलं, लेकीचं नाव पुढे केलं.

त्या स्टुलावर हे रडत होते तेव्हा लेक त्यांच्याकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. मी काहीतरी बोलेन म्हणून वाट बघत असावी. मी बाळाचं दुपटं सारखं करत राहिले. तिनेही त्यांना तिकिटाचं सांगितलं नाही. अजून सांगितलेलं नाही. दर रविवारी फोन करते, बाबांशी अर्धा तास, मला विचारते, कंबर कशी आहे. बास. आणि हे फोन ठेवून मला म्हणतात, बघ, तिने मला माफ केलं गं. मी म्हणते, हो.

दात दाबा. हळू. उंच लागतंय का कुठे? नाही ना? चूळ भरा.

काय बघताय असं? तुम्ही कुणाला — नाही, तुम्ही नाही सांगणार. मला काय झालं आज, हे मी कधी कुणाला — जाऊ दे. दोन तास काही खाऊ नका, ओठ चावला जाईल, कळायचं नाही. पुढची वेळ बाहेर टेबलाशी लिहून घ्या. चष्मा कपाळावर चढवलेले बसलेत ना, ज्यांनी मघाशी तुमचं नाव लिहून घेतलं — ते हेच. कार्डं कापल्यापासून इथेच बसतात, घरी करमत नाही म्हणे. विचारतील, प्रवास कुठे, तिकीट सरळ मिळालं का. सांगा, मिळालं. सरळ. बाकी काही नको.

या आता. दार ओढून घ्या.