दीपाच्या आजीच्या निधनाच्या खोट्या निरोपाबाबत

दि. १८ जानेवारी १९९७

मी, सूर्यभान कचरू साळवे, वय ४१ वर्षे, धंदा वेल्डिंग काम, रा. भिंगार, ता. जि. अहमदनगर. पोलीस ठाण्यात स्वतः हजर होऊन विचारल्यावरून सांगतो की, मी वरील ठिकाणी पत्नी गोजरबाई व मुलगी दीपा, वय १५, यांच्यासह राहतो. दीपा दहावीत शिकते. माझी आई बनाबाई घोडेगाव येथे थोरल्या भावाकडे असते.

काल शुक्रवारी दुपारी मी एमआयडीसीत कामावर असताना पत्नी रिक्षाने तेथे आली. शाळेचा शिपाई आसाराम तिला रस्त्यात भेटून म्हणाला होता, "आजी गेल्या, वाईट झालं. दीपाच्या चुलत्याचा फोन आला, तिला लगेच सोडलं." भावाने मला सोडून शाळेत फोन का केला, हे त्या वेळी मला सुचले नाही.

दीपा चुलत्याबरोबर पुढे गेली असेल असे समजून आम्ही टेम्पोने घोडेगावला निघालो. बाजाराचा दिवस असल्याने टेम्पो गावाच्या अलीकडे अडकला. मी उतरून पळत गेलो. आई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. ती म्हणाली, "आज कामाला सुट्टी हाय व्हय?" मी तिच्या पायाशी बसलो. मागून पत्नी आली व तिने विचारले, "आत्याबाई, दीपा कुठं हाय?" आई म्हणाली, "ती कशाला इथं येईल?" भाऊ घरातच होता. त्याने कोठेही फोन केलेला नव्हता.

आई मागे राहण्यास तयार नव्हती. तिला व पत्नीला भिंगारला घरी सोडून मी पोलीस ठाण्यात खबर दिली. मुलीच्या अंगावरील कपडे विचारले असता मी शाळेचा गणवेश सांगितला. रिबिनीचा रंग मला सांगता आला नाही.

त्यानंतर हवालदारांसह घरी गेलो. दीपा सापडत नसल्याचे ऐकून दारात शेजारपाजारची माणसे जमली होती, बायका रडत होत्या. गल्लीच्या कोपऱ्यावर दीपा दप्तर धरून उभी होती. मला पाहून म्हणाली, "पप्पा, आजी खरंच गेली का?" माझी आई बाहेर येऊन म्हणाली, "मी हाय की. ये." दीपा तिच्याकडे पाहत जागीच खाली बसली.

दीपाने सांगितले की, तिची मैत्रीण राजनंदिनी हिचा भाऊ पार्थ, बारावीत, याने चुलत्याच्या नावाने फोन केला. राजनंदिनीने पोट दुखल्याचे सांगून सुट्टी घेतली. तिघे पार्थच्या वडिलांची जीप न विचारता घेऊन चांदबीबीच्या महालावर गेले, तेथे भेळ खाऊन शाळा सुटण्याच्या वेळी परत आले. तिला कोणी त्रास दिला नाही. हे तिच्या आईने तिला आत नेऊन विचारले आहे.

संध्याकाळी पार्थचे वडील त्याला घेऊन घरी आले. माझी आई पार्थला म्हणाली, "लई मोठ्या मानसाचा आवाज काढतो म्हनं तू." त्यावर मुलगा रडला. माझी त्याच्याविरुद्ध तक्रार नाही.

आज दीपा शाळेत जाण्यास तयार नाही. "मी शाळेत असताना आजीला काही झालं तर?" असे म्हणून ती आजीजवळून उठत नाही. मी तिला रागावलेलो नाही. आईला आज घोडेगावला पोहोचवायचे होते, ते मी पुढे ढकलले आहे.

हा जबाब मला वाचून ऐकवला. मी सांगितले तसाच तो उतरवला असून बरोबर आहे.