लग्न होईपर्यंत

माझं माहेर दापोलीकडचं, खाडीच्या पल्याड, गावाचं नाव सांगितलं तरी तुम्हाला ठाऊक असायचं नाही. नऊ भावंडांतली मी पाचवी, म्हणजे ना थोरलेपणाचा मान ना शेंडेफळाचे लाड. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि ह्यांच्या मागून कल्याणला आले. ह्यांना शाळेत शिपायाची नोकरी, घंटा द्यायची, फळे पुसायचे, पाणी भरायचं. मी चार घरचे स्वयंपाक धरले, कुणाचे पापड लाट, कुणाच्या बाळंतिणीचं बघ. काय सांगू तुम्हाला ताई, तुम्ही लिहून घेताय म्हणून सांगते, हात कधी रिकामा नसायचा आणि तोंडही कधी गप्प नसायचं माझं. हे अगदी उलटे. पाहुणा आला की धोतराचा सोगा चाळवीत खाली बघत बसायचे. देवमाणूस हो, पण देवासारखेच मुके.

कुसुम माझी एकुलती एक, सतरावं सरलं तिला. पहिलं स्थळ बघायला आलं तर हे तोंडच उघडेनात, त्या लोकांना वाटलं घरात काहीतरी पाणी मुरतंय. दुसरं आलं, त्याचंही तेच. मी चिडले. ह्यांना बोलले, तुमच्या तोंडाला कुलूप आहे ते पोरीच्या नशिबाला का लावता? बोलले मी असं. दोष कुणाला देऊ, माझंच तोंड.

मग तो चैत्र आला, स्वराज्याला दीड-दोन वर्षं झाली असतील. एक दिवस हेडमास्तरांचा निरोप, ह्यांनी पहिल्याच तासाला मधल्या सुट्टीची घंटा दिली म्हणे. मी विचारलं तर बोलले, पोरांचे चेहरे भुकेले दिसत होते. मी हसले. ताई, मी हसले हो. मग पहाटे उठून हे आमचं अंगण सारवायचे, मग शेजाऱ्यांचं, मग त्यांच्या शेजाऱ्यांचं. झोप नाही, भूक नाही, आणि बोलणं नुसतं धो धो. इतकं बोलणं ह्यांच्यात कुठे साठलं होतं कोण जाणे. मला नावाने हाक मारायला लागले, वीस वर्षांत कधी मारली नव्हती. मला गोड वाटलं. तेही लिहा.

मला ठाऊक नव्हतं असं नाही. कुसुम पाळण्यात होती तेव्हा एकदा असंच झालं होतं. सासूबाई होत्या तेव्हा, त्या बोलल्या होत्या, सूनबाई, ही भरती आहे, ओहोटी लागली की माणूस चिखलात रुततो, आधीच धरून ठेवायचा. तेव्हा धरला नाही, तर हे आठ महिने भिंतीकडे तोंड करून पडले होते.

आणि नेमकं त्याच आठवड्यात ठाण्याहून, खोपटकडून, स्थळ आलं. मुलगा गिरणीत कामाला, शांत. मुलाचा बाप मात्र मिशीवाला, कडक, बोलायचा म्हणजे उपकार केल्यासारखा. मी देव पाण्यात घालून आत पोहे करतेय, तर बाहेर हसण्याचा आवाज. बघते तर तो मिशीवाला डोळे पुसत हसतोय! हे त्याला शिमग्यातल्या सोंगांच्या गोष्टी सांगत होते, उठून नाचून दाखवत होते. जाताना मुलाचे वडील बोलले, मुलगी पसंत आहेच, पण असा व्याही मिळायला नशीब लागतं. वैशाखातला मुहूर्त धरला, तीन आठवड्यांवरचा.

मी डॉक्टरांकडे गेले. ते बोलले, ह्यांना आधी झोप पाहिजे, हे औषध चुकवू नका. घोटाच्या मापाला कागदाच्या खुणा चिकटवलेली ती बाटली. दोन दिवस दिलं. हे झोपले, पण उठले ते जड, जीभ अडखळतेय, मान खाली. आणि परवा याद्या करायला व्याही यायचे. त्यांनी ह्यांना असं बघितलं तर? बाटली उचलली आणि तांदळाच्या डब्यात खुपसली. व्याही आले तोवर ह्यांचं बोलणं पुन्हा सुरू झालं होतं. याद्या छान झाल्या.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी, भरदुपारी मी पापड लाटत होते. हे येऊन समोर उकिडवे बसले. डोळे लाल, ओठ फुटलेले. बोलले, अगं, हे डोक्यातलं थांबत नाहीये, मला भीती वाटते, ते औषध दे ना. मी बोलले, लग्न होऊ दे, मग देते. ते बोलले, बरं. हट्ट नाही केला. केला असता तर दिलं असतं का? माहीत नाही. लाटणं मी हातातून खाली ठेवलं नव्हतं.

लग्न झालं. रेशनचे दिवस, जास्त पानं मांडायला सरकारची बंदी, आणि ह्यांनी अख्खी शाळा बोलावलेली. शेजारणींनी आपापल्या घरून डाळ-तांदूळ आणून निभावलं. हे स्वतः वाढत होते, तीन दिवस टेकले नाहीत, पाय सुजलेले. लोक म्हणत होते, मुलीचा बाप असावा तर असा. मी मान डोलवत होते.

वऱ्हाडाची लॉरी निघाली. सगळे रडतायत आणि हे हसत हसत अनवाणी लॉरीच्या मागे चालायला लागले. कुणीतरी बोललं, बापाचं काळीज आहे, वेशीपर्यंत जाऊन येतील. मी भांडी आवरायला गेले. ताई, मी भांडी आवरायला गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मिठागरावरच्या दोघांनी ह्यांना बैलगाडीत घालून आणलं. दिवा गावाच्या पुढे बांधावर सापडले. बोलले, बाय, ह्ये तुझंच माणूस ना, पोरीला पोचवायला चाललोय सांगतंय, आम्हालाबी जेवायला बोलवलंय. वैशाखाचं ऊन, तळवे सोलून निघालेले, आणि त्यात खारं पाणी. मी बाटली शोधून काढली. आता तिचा काय उपयोग?

ठाण्याच्या इस्पितळात सात महिने होते. तिथल्या लोकांनी सांभाळलं, वाईट बोलणार नाही. दर रविवारी मी डबा घेऊन जायची, आणि कुसुमच्या सासरच्यांनी बघू नये म्हणून लांबच्या वाटेने जायची. तरी कळलंच. व्याही स्वतः जाऊन ह्यांच्याजवळ बसले, हात हातात धरून. बाहेर आल्यावर मला बोलले, वहिनी, आधी सांगितलं असतं तर आम्ही थांबलो असतो, मुहूर्त काय, पुढच्या वर्षीही येतो. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता नऊ वर्षं झाली. कुसुम सुखात आहे, दोन मुली आहेत तिला. हे घरीच असतात, लंगडतात, सुपारी कातरतात, पुन्हा पहिल्यासारखे गप्प. औषध मी वेळेवर देते, एक दिवस चुकवत नाही. गेल्या महिन्यात नाती येऊन गेल्या, त्या गेल्यावर ह्यांनी विचारलं, तुला तेव्हाचा मी आवडायचो ना गं? मी बोलले, नाही. पण लगेच नाही बोलले, ताई. जरा वेळ गेला मध्ये, आणि तो ह्यांनी ऐकला.

हळदीकुंकवाला जाते, बायका अखंड सौभाग्यवती म्हणून ओटी भरतात. सगळ्याजणी सवाष्ण मरण मागतात. मी मनात म्हणते, देवा, मला नको ते, ह्यांचं औषध चुकायला नको, आधी ह्यांना ने, मी मागे राहते.