बोलून दाखवलेले उपचार

नाव: कार्ला ह्यूटला. वय: ४६ वर्षे. व्यवसाय: वैद्यकीय महाविद्यालयात प्रशिक्षिका. राहणार: मेपल स्ट्रीट, पाइन हार्बर, ऑन्टारियो.

ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की, वरील पत्त्यावर मी एकटी राहते. डॉक्टरकी शिकणाऱ्या मुलांच्या सरावासाठी आणि परीक्षेसाठी खोटे रुग्ण लागतात. गावातल्या माणसांना आजार शिकवून असे रुग्ण तयार करणे हे माझे काम आहे. मयत ऑर्विल ट्रेनहोम, वय ६७, पूर्वी सरोवरातल्या मालवाहू जहाजांवर खलाशी होते. गेली काही वर्षे ते आमच्याकडे खोटे रुग्ण म्हणून येत. छातीतले दुखणे त्यांना मीच शिकवले. मूठ कुठे धरायची, वाक्य कुठे तोडायचे, तेही.

गुरुवारी सकाळी परीक्षा होती. खोलीत जाण्यापूर्वी ते मला म्हणाले, "काय गं कार्ला, आज किती वेळा मरायचंय?"

मी म्हणाले, "मरायचं नाहीये, नुसतं दुखायचंय. आणि मागच्यासारखी नाटकं नकोत. खुर्चीवरून घसरला होतात तुम्ही."

"अगं, केवढं रंगलं होतं!"

त्यांनी कॉफी अर्धी टाकली. बरे नाही का, असे मी विचारले. "आमच्या जूनच्या हातचं मीटलोफ खाऊन बघ, मग विचार," असे ते म्हणाले. जून त्यांची पत्नी.

आमच्या परीक्षेत विद्यार्थी रुग्णाला तपासतो, पण उपचार करत नाही. काय केले असते ते बोलून दाखवतो. खोलीत औषध नसते. हृदयाचा आलेख काढायच्या यंत्राला तारा नसतात. रुग्ण खरोखर आजारी पडला तर त्याने स्वतःचे खरे नाव सांगायचे, म्हणजे सगळे थांबते. त्या विद्यार्थ्याची परीक्षा मात्र रद्द होते. त्या दिवशीची विद्यार्थिनी मिरेय लाफ्लेश हिची ही शेवटची संधी होती. ऑर्विल यांना ते ठाऊक होते. सरावात तेच तिचे रुग्ण होते.

मी आणि परीक्षक डॉ. वुजिक काचेमागे बसलो होतो. आतून तो आरसा दिसतो. बोलता बोलता ऑर्विल यांनी जबडा धरला. ते मी शिकवलेले नव्हते. मी म्हणाले, "झाली यांची नाटकं सुरू."

डॉक्टर म्हणाले, "पण घाम बघ ना! कसा काय शिकवलास?"

मी म्हणाले, "घाम शिकवता येत नाही." हे मी बोलले, हे मला नक्की आठवते. त्यानंतर मी उठले नाही.

आत मिरेय म्हणत होती, "मिस्टर हॉज, घाबरू नका हं. मी आहे इथे." हॉज हे त्यांचे परीक्षेतले नाव. तिने त्यांचा हात धरला होता. मग तिने सांगितले, की मी आता अ‍ॅस्पिरिन चावायला देते, हृदयाचा आलेख काढते, अ‍ॅम्ब्युलन्स बोलावते. क्रम बरोबर होता. डॉक्टरांनी पूर्ण गुण दिले. ऑर्विल प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. शेवटी ते अगदी हळू म्हणाले, "शाब्बास, पोरी." रुग्णाने असे बोलायचे नसते.

घंटा झाली. मिरेय त्यांचे आभार मानून बाहेर गेली आणि तिने दार लावून घेतले. ते बसूनच होते. पुढचा विद्यार्थी आत गेला, त्याने आपले नाव सांगितले, पुन्हा सांगितले. तेव्हा आम्ही धावलो. इमारतीत डॉक्टर पुष्कळ होते. सगळ्यांनी प्रयत्न केले. अ‍ॅम्ब्युलन्स आली. रुग्णालयात त्यांना मृत घोषित केले.

त्यांनी स्वतःचे नाव का सांगितले नाही, असे मला विचारण्यात आले. मला सांगता येत नाही.

मिरेयने जिन्यात मला विचारले, "माझं काय चुकलं?" मी म्हणाले, "काही नाही." ते खरे आहे. ती पास झाली आहे. तिला अजून कळवलेले नाही. कोणी कळवायचे, ते ठरत नाही.

हा जबाब मला वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो लिहिला आहे. काही खोडायचे आहे का, असे विचारले. खोडता येईल असे त्यात काही नाही.